स्क्रीनवर भाव १२.४० होता, मग मला १२.६७ ला का पडलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. एका भारतीय ॲपवर एका लहान क्रिप्टो कॉइनचा भाव १२.४० रुपये दिसत होता. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकून ५०,००० रुपयांची खरेदी केली, ती सरासरी १२.६७ ला पडली. दहा मिनिटांनी भाव पुन्हा १२.४० च्या आसपास दिसत असताना घाबरून सगळं विकलंत, तर खात्यात ४७,०१९ रुपयेच आले. तुमचे वडील मार्केट यार्डात अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते आणि त्यांचं म्हणणं, हा सगळा डब्बा आहे, म्हणजे बाजारात न जाता चालवणाऱ्याच्या वहीतच होणारा सौदा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मला फसवलं का, मला विकलं कोणी, आणि ती कॉइन त्या दहा मिनिटांत नेमकी होती कुठे.

मी २००६ पासून फोर्टातल्या एका ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये बसायचे. जॉबिंग (दोन्ही बाजूला भाव लावून घेणं-विकणं) आणि आर्बिट्राज (दोन बाजारांतल्या भावाच्या फरकावर कमावणं) हेच काम. २०१८ पासून क्रिप्टोत सौदे करते, आधी स्वतःच्या पैशांनी आणि नंतर काही वर्षं एका छोट्या फर्मसाठी. तुम्ही ट्रेड हिस्टरीतल्या ओळी जशाच्या तशा दिल्यात, त्यामुळे अंदाज बांधायची गरज उरली नाही. या व्यवहारात फसवणूक दिसत नाही. पण तुमचा तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा आहे.

आधी खरेदी बघू. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. कोणीतरी, केव्हातरी, कदाचित दोनशे रुपयांचा सौदा १२.४० ला केला, एवढंच तो आकडा सांगतो. तुम्हाला कोण कितीला द्यायला तयार आहे हे ऑर्डर बुकमध्ये असतं. तुमच्या हिस्टरीवरून त्या क्षणी विकणाऱ्यांची रांग अशी होती:

१२.४२ ला ६०० कॉइन
१२.४८ ला ९००
१२.६० ला १,१००
१२.८५ ला ८००
१३.१० ला बराच माल, त्यातले तुम्हाला ५४७.७९ मिळाले

मार्केट ऑर्डर म्हणजे ‘भाव काहीही असो, मला आत्ता द्या’. तुमच्या ऑर्डरने पहिल्या विक्रेत्याचे ६०० उचलले, ते संपले म्हणून वरच्याचे ९००, मग त्याच्या वरच्याचे, अशा पाच पायऱ्या चढली. पन्नास हजार संपले तेव्हा तुमच्याकडे ३,९४७.७९ कॉइन होते. भागाकार केलात तर १२.६७. बाजारात हजार पेट्यांची आवक असेल तर तुमच्या दहा पेट्यांनी दर हलत नाही. बाराच पेट्या आल्या असतील तर तुम्हीच दर चढवता. इथे माल कमी होता आणि तुम्ही एका झटक्यात सगळा उचललात. याला आम्ही स्लिपेज म्हणतो.

विकताना हेच उलट्या दिशेने झालं. घेणारे १२.३१ ला ५००, १२.२५ ला ८००, १२.१० ला १,२०० आणि उरलेल्या १,४४७.७९ ला ११.९५. एकूण ४७,७७६ रुपये, सरासरी १२.१०. स्क्रीनवरचा १२.४० हा आकडा तुम्हाला ना घेताना मिळाला, ना विकताना.

वडिलांना शेतकऱ्याच्या हातात देतात तशी पट्टी मांडून दाखवा. खरेदी ५०,०००, त्यावर अर्धा टक्का फी आणि फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. विक्री ४७,७७६, त्यावर तीच फी २८२. उरलेल्या ४७,४९४ वर एक टक्का टीडीएस, ४७५. खिशातून गेले ५०,२९५, परत आले ४७,०१९. फरक ३,२७६. त्यातले २,२२४ ऑर्डर बुकच्या पातळपणामुळे गेले, ५७७ फी आणि जीएसटीत, आणि ४७५ तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा आहेत. ते विवरणपत्रात मागता येतात.

पट्टीतली सर्वात मोठी वजावट कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. लोक ॲपची फी ०.२ आहे की ०.५ यावर तासभर तुलना करतात आणि असल्या पातळ बुकवर मार्केट ऑर्डर टाकतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला खरंच वाईट वाटतं, कारण यावर उपाय दोन बोटांच्या अंतरावर असतो. लिमिट ऑर्डर लावायची: ‘१२.४२ च्या वर एक पैसा देणार नाही’. ६०० मिळतील, बाकीची ऑर्डर १२.४२ ला घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहील. कोणाला विकायचं असेल तर तो येईल. नाही आला तर कॉइन मिळणार नाहीत, पण पैसे तर जागेवर आहेत.

आता दुसरा प्रश्न, विकलं कोणी. एक्स्चेंजच्या सर्व्हरवर मॅचिंग इंजिन नावाचा प्रोग्रॅम चालतो. त्याचे नियम दोनच. ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, आणि भाव सारखा असेल तर जो रांगेत आधी आला त्याचा नंबर आधी. एनएसई-बीएसईवरही हाच नियम आहे. वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या माणसालाही तो कळत नाही. इथे सगळ्यांचे भाव उघडे असतात, माणसं मात्र झाकलेली. तुम्हाला विकणारे पाच जण कोण होते हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि बहुतेक ते पाच जण नसून एक-दोन जॉबर होते.

जॉबर म्हणजे दोन्ही बाजूला भाव लावून बसणारा. १२.३१ ला घेतो, १२.४२ ला देतो, मधले अकरा पैसे त्याची कमाई. क्रिप्टोत त्याला मार्केट मेकर म्हणतात आणि तो माणूस नसून बहुधा प्रोग्रॅम असतो. मी तेच काम केलंय. त्याचं दुखणं एकच: भाव लावून ठेवलाय, तेवढ्यात दुसरीकडे बाजार पडला, आणि तुम्ही हलायच्या आत कोणीतरी तुमच्या जुन्या भावाला माल गळ्यात मारला. म्हणून बाजार जरा अस्थिर झाला की जॉबर आधी ऑर्डरी काढून घेतो, मग विचार करतो. लहान कॉइनचा दाट दिसणारा बुक संध्याकाळी मिनिटभरात रिकामा होतो तो यामुळे.

भारतात याला आणखी एक कारण आहे आणि ते मला मनापासून खुपतं. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तुमच्यासारख्याने वर्षातून चार वेळा विकलं तर फारसा फरक पडत नाही. जॉबर दिवसात शेकडो वेळा घेतो-विकतो आणि एका फेरीत टक्क्याचा दहावा भाग मिळाला तरी खूश असतो. एक लाख रुपये नफा-तोटा न होता शंभर वेळा फिरवले, तर टीडीएस कापून हातात साधारण ३६,६०० उरतात. बाकीचे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यानंतर, काही महिन्यांनी. या हिशेबात कोणी रुपयाच्या बुकवर जॉबिंग करू शकत नाही. २०२१ मध्ये इथल्या एक्स्चेंजवर जे दाट बुक होते ते त्या जुलैनंतर माझ्या डोळ्यांसमोर पातळ झाले. व्यवहारांवर नजर ठेवायला एक टक्क्याचा शंभरावा भागही पुरला असता. तुमच्या २,२२४ रुपयांच्या स्लिपेजमध्ये या नियमाचा वाटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही जागा भरायला बरीच ॲप परदेशी एक्स्चेंजवर स्वतःचं खातं ठेवतात. तुमची ऑर्डर आली की तिकडे तेवढीच घेतात आणि तिकडचा भाव रुपयात करून इथे दाखवतात. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजवर हल्ला झाला, साधारण ४.४ कोटी डॉलर गेले, तो अशाच एका खात्यावर होता. भागीदार एक्स्चेंजवर लिक्विडिटी, म्हणजे घ्यायला-विकायला पुरेसा माल, पुरवण्यासाठी ते ठेवलं होतं. ग्राहकांचे पैसे वेगळे असल्याने ते वाचले आणि तोटा कंपनीने आपल्या तिजोरीतून भरला.

ॲपमध्ये ‘प्रो’ किंवा ‘एक्स्चेंज’ असा वेगळा स्क्रीन असेल तर तिथे ऑर्डर बुक दिसतो. नुसता ‘बाय’ असा मोठा बटणवजा स्क्रीन असेल, तर तिथे बहुधा ॲप स्वतःच तुम्हाला विकतं आणि आपला नफा भावातच घालतं. ‘फी शून्य’ ही पाटी तिथेच जास्त दिसते. दोन्ही स्क्रीन एकाच वेळी उघडून एकाच कॉइनचा भाव बघा, फरक कळेल.

आणि हो, गुगलवरचा डॉलरचा भाव बँकेच्या डॉलर दराने गुणून इथल्या भावाशी ताडू नका. इथला भाव यूएसडीटीच्या, म्हणजे एका डॉलरला बांधलेल्या टोकनच्या, रुपयातल्या भावावर चालतो आणि यूएसडीटी अनेकदा बँकेच्या डॉलरपेक्षा काही रुपये महाग असतो. बाहेर स्वस्त घेऊन इथे महाग विकावं, असं कोणालाही सुचेल. पण त्यासाठी रुपये कायदेशीर मार्गाने पुन्हा पुन्हा बाहेर पाठवावे लागतात आणि तिथे परकीय चलनाचे नियम आडवे येतात. म्हणून तो फरक मिटत नाही.

आता तिसरा प्रश्न. ती ३,९४७.७९ कॉइन दहा मिनिटं कुठे होती?

जिथे आधी होती तिथेच. ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामाईक वहीवर, काहीही हललं नाही. एक्स्चेंजच्या डेटाबेसमध्ये तुमच्या नावासमोरचे रुपये कमी झाले आणि कॉइनचा आकडा वाढला. विकणाऱ्याच्या नावासमोर उलटं झालं. दहा मिनिटांनी पुन्हा चार आकडे बदलले. एक्स्चेंजवरचा सौदा म्हणजे वहीतली जमा-नावे. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे त्या चेनवरच्या नोंदींचा एक गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी येतो, आणि इंजिन सेकंदाला हजारो सौदे जुळवतं. प्रत्येक सौदा चेनवर नेणं शक्यच नाही. चेनचा संबंध दोनदाच येतो. तुम्ही बाहेरून कॉइन आत आणता तेव्हा आणि आतली बाहेर काढता तेव्हा.

तुमच्या वडिलांना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. शेतकरी कांदा विकतो आणि म्हणतो, शेठ, पैसे राहू द्या तुमच्याकडे, पोरीच्या लग्नाला नेईन. दिवाणजी वहीत त्याच्या नावे जमा लिहितो. वहीत रक्कम अगदी बरोबर असते. पण त्या नोटा पेढीच्या गल्ल्यात असतील, बँकेत असतील, किंवा शेठने दुसऱ्याला उधार दिल्या असतील. शेतकऱ्याकडे असते ती नोंद. पेढी चांगली असेल तर नोंद आणि नोटा यांत फरक पडत नाही. पेढी बसली की पडतो.

शेअर बाजारात ही कामं चार वेगळ्या घरांत वाटलेली आहेत. ऑर्डर घेणारा ब्रोकर वेगळा, सौदा जुळवणारं एक्स्चेंज वेगळं, पैसे-शेअर यांची देवघेव पुरी करणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन वेगळं आणि शेअर ठेवणारी एनएसडीएल किंवा सीडीएसएल वेगळी. वर सेबी. ब्रोकर बुडाला तरी डीमॅटमधले शेअर तुमच्या नावावर डिपॉझिटरीत असतात. क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये ब्रोकर, बाजार, क्लिअरिंग आणि तिजोरी ही चारही घरं एकाच कंपनीची. आकड्यांची चलाखी, हॅकिंग, दिवाळं, यातली मोठी प्रकरणं मला तरी याच एका गोष्टीतून निघालेली दिसतात.

टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा साधारण साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं त्यांनी सांगितलं. नंतर त्यातले सुमारे दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये (कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटात) सापडले. ती चोरी एका रात्रीतली नव्हती. बराच काळ कॉइन झिरपत होती आणि ग्राहकांच्या स्क्रीनवर शिल्लक पूर्ण दिसत होती, सौदेही होत होते. वही चालू होती, तिजोरी रिकामी होत होती. एफटीएक्स या परदेशी एक्स्चेंजमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये कळलं की ग्राहकांच्या ठेवी मालकाच्याच अलामेडा रिसर्च या फर्मने वापरल्या होत्या. त्या फर्मला खातं उणे करायची मुभा होती, जी दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाला नव्हती. त्या मालकाला, सॅम बँकमन-फ्रीडला, मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची मालमत्ता गेली. त्या वॉलेटला अनेकांच्या सह्या लागत होत्या, तरीही. त्यानंतर ग्राहकांना वर्षभराहून जास्त थांबावं लागलं आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात मिटलं. त्या काळातही ॲप उघडलं की शिल्लक दिसत होती, हे लक्षात घ्या. आकडा दिसणं आणि माल असणं या दोन गोष्टी आहेत.

तिजोरीत दोन कप्पे असतात. हॉट वॉलेट इंटरनेटला जोडलेलं, रोजच्या विड्रॉवलसाठी. कोल्ड वॉलेट जोडलेलं नसतं, मोठा साठा तिथे. तुमच्या डिपॉझिट ॲड्रेसवर आलेली कॉइन झाडून मोठ्या वॉलेटमध्ये गोळा केली जातात. म्हणजे तो ॲड्रेस तुमच्या नावाचा दिसला तरी किल्ली एक्स्चेंजकडेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर (इथेरियम नेटवर्कची कॉइन) गेलं ते कोल्ड वॉलेटमधून रोजच्या वापराच्या वॉलेटकडे नेताना. सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसला आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच व्यवहारावर सही झाली.

एफटीएक्सनंतर बरीच एक्स्चेंज ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ छापू लागली. चांगलं आहे, बघावं. पण त्यात बहुतेकदा तिजोरीत काय आहे ते कळतं. कंपनीने कोणाकडून किती घेतलंय ते कळत नाही. पेढीचा गल्ला मोजला, उधारीची वही उघडली नाही, तर दिवाणजी काय म्हणेल ते तुम्ही घरीच विचारा.

मी स्वतः काय करते तेही सांगते. एक्स्चेंजवर त्या आठवड्यात फिरवायचं तेवढंच ठेवते. नवीन ॲपवर पहिलं काम डिपॉझिट नसतं, विड्रॉवल असतं: थोडेसे रुपये भरायचे, थोडी कॉइन घ्यायची आणि बाहेर स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून बघायची. काही भारतीय ॲपवर कॉइन बाहेर काढायची सोयच नाही. फक्त रुपये परत मिळतात. तिथे तुम्ही घेता ती फक्त नोंद. नेटवर्क, म्हणजे कॉइन कोणत्या चेनवरून जाणार, ते नीट बघा. यूएसडीटी ट्रॉनवरही चालतो आणि इथेरियमवरही. पाठवणाऱ्याने एक निवडलं आणि घेणारं एक्स्चेंज दुसऱ्यावर वाट बघत असेल, तर पैसे महिनोन्‌महिने अडकतात. एक्सआरपीसारख्या कॉइनला ॲड्रेसखेरीज टॅग (खात्याची ओळख सांगणारा क्रमांक) लागतो, तो विसरला तर एक्स्चेंजला तुमची रक्कम कोणाच्या नावे जमा करायची ते कळत नाही.

स्टॉपलॉसबद्दल, म्हणजे भाव अमुक खाली आला की आपोआप विकायच्या ऑर्डरबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण घाबरून विकलंत म्हणजे पुढचा प्रश्न तोच असणार. १९ मे २०२१ ला बिटकॉइन एका दिवसात जवळजवळ तीस टक्के खाली येऊन तीस हजार डॉलरला टेकला. माझं इथर होतं, स्टॉप-लिमिट लावलेला: २,३०,००० ला ट्रिगर (इथे ऑर्डर जागी होते), २,२८,००० ला लिमिट (याच्या खाली विकायचं नाही). ट्रिगर लागला, माझी ऑर्डर २,२८,००० ला विकणाऱ्यांच्या रांगेत गेली, पण तोवर घेणारे २,२१,००० वर आले होते. बाजार त्या दोन हजारांच्या पट्टीवरून उडी मारून खाली गेला आणि माझी ऑर्डर वर एकटी उभी राहिली. ॲप चाळीस मिनिटं उघडलंच नाही. शेवटी हाताने १,८२,००० ला विकलं. तेरा-चौदा वर्षं डीलिंग केलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की ट्रिगर आणि लिमिट यांतलं अंतर पातळ बाजारात मोठं ठेवावं लागतं. इथे शेअर बाजारासारखं सर्किट (भाव फार पडला की व्यवहार थांबवणं) लागत नाही, साडेतीनला बाजार बंद होत नाही, रविवारी पहाटेही भाव कोसळू शकतो.

फ्युचर्सकडे, म्हणजे थोडी रक्कम भरून मोठा सौदा करायच्या व्यवहाराकडे, आत्ता जाऊ नका. एवढंच सांगते: दहापट लिव्हरेजवर, म्हणजे भरलेल्या रकमेच्या दहापट सौद्यावर, भाव दहा टक्के फिरायच्या आधीच पोझिशन एक्स्चेंज कापून टाकतं, कारण मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे खात्यात उरायलाच हवी अशी किमान रक्कम, राखायचं असतं. परपेच्युअल प्रकारच्या फ्युचर्सला एक्स्पायरी (मुदत) नसते, म्हणून भाव मूळ बाजाराच्या जवळ ठेवायला फंडिंग असतं. बऱ्याच ठिकाणी दर आठ तासांनी, आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला, तेजीवाले मंदीवाल्यांना किंवा उलट पैसे देतात. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चीनवर जादा शुल्काची घोषणा केल्यावर चोवीस तासांत सुमारे १९ अब्ज डॉलरच्या पोझिशन कापल्या गेल्या. कापणी म्हणजेही मार्केट ऑर्डरच. तीही बुकच्या पायऱ्या उतरते, आणि त्या दिवशी जॉबर निघून गेलेले होते. एक डॉलरला चिकटून राहणारं यूएसडीई नावाचं टोकन बायनान्स या एक्स्चेंजच्या बुकवर ६५ सेंटपर्यंत गेलं, त्याच वेळी इतरत्र ते डॉलरच्या जवळ होतं. भाव हा त्या-त्या बुकचा असतो. तुमच्या १२.४० ची गोष्टही तीच, फक्त आकार लहान.

पी२पीचं, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याशी थेट केलेल्या सौद्याचं, एक. तिथे एक्स्चेंज तुमची कॉइन अडकवून ठेवतं, समोरचा तुमच्या बँक खात्यात रुपये टाकतो, मग कॉइन सुटतात. सौदा सुरळीत होतो, पण आलेले रुपये कोणाच्या तरी सायबर फसवणुकीतले असतील तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं पगाराचं खातं अठरा हजारांच्या एका सौद्यावरून पाच महिने बंद होतं. आर्थिक गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर स्वतःच्या बँक खात्यातून थेट रुपये भरा. ही नोंदणी मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग कायद्याखाली लागते. ती ठेवींची हमी नाही, पण निदान पैशाचा माग स्वच्छ राहतो.

कराचं थोडक्यात, कारण हा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होईल हा तुमचा समज चुकलेला दिसतो. तुमचा २,२२४ चा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि वर सेस, आणि वजावट फक्त खरेदी किमतीची. म्हणजे दुसऱ्या कॉइनमध्ये १०,००० कमावलेत तर ३,१२० कर पूर्ण दहा हजारांवरच.

आता वडिलांच्या ‘डब्बा’ शब्दाकडे येते, कारण तो शब्द त्यांनी उगाच वापरलेला नाही. डब्ब्यात सौदा बाजारात जातच नाही. चालवणारा स्वतःच्या वहीत लिहितो, तुमचा तोटा त्याचा नफा. तुमच्या हिस्टरीत पाच वेगळ्या भावांच्या पाच ओळी आहेत, हे बुकवर सौदा झाल्याचं लक्षण आहे. डब्बेवाल्याने एकच गोल भाव दिला असता. टेलिग्रामवर लिंक येते, तीस दिवसांत दुप्पट सांगतात, आलेख सुंदर असतो आणि पैसे काढताना ‘आधी कर भरा’ म्हणतात, तो मात्र डब्ब्याहून वाईट प्रकार. त्याला वडील जे म्हणतील ते खरं.

त्यांना समजवायचं असेल तर वाद घालू नका. पाचशे रुपयांचं काहीतरी, फी कमी लागेल अशा नेटवर्कवरचं, घ्या आणि तुमच्या फोनवरच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढा. बरीच ॲप पहिल्या विड्रॉवलला चोवीस तास थांबवतात, त्याला घाबरू नका. एक्स्चेंज एक ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, देईल. तो ब्लॉक एक्सप्लोररवर (चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाकून वडिलांसमोर धरा: कोणत्या ॲड्रेसवरून निघालं, कोणत्या ॲड्रेसवर आलं, किती वाजता, किती फी. मग त्याच स्क्रीनवर तुमच्या त्या ५०,००० च्या सौद्याची नोंद शोधायला सांगा. ती सापडणार नाही, आणि का सापडत नाही हे ते तुम्हाला समजावतील.